पुण्याचं बिऱ्हाड दुसऱ्या राज्यात हलवताना

बदलीची ऑर्डर किंवा नव्या नोकरीचं पत्र हातात पडलं की घरात पहिली चर्चा होते ती फ्रीज न्यायचा की विकायचा याची. फ्रीजचं काहीही केलं तरी बिघडत नाही. बिघडतं ते कागदांमुळे. काही कामं पुण्यात स्वतः हजर राहूनच होतात, आणि गाव सोडल्यावर त्यातल्या एकेकासाठी रजा टाकून, तिकीट काढून परत यावं लागतं. म्हणून इथे सगळं एकाच हिशेबाने मांडलं आहे: पुण्यात असतानाच करायचं ते आधी, खोकी भरणं त्यानंतर, आणि तिकडून फोनवर उरकता येईल ते सगळ्यात शेवटी. उदाहरणं बंगळुरूची जास्त आहेत, पण हैदराबाद, चेन्नई किंवा अहमदाबादला निघालेल्यांनाही क्रम तोच लागू पडेल.

तारीख ठरवणं

नोकरीची तारीख कंपनी ठरवते, पण घर हलवायची तारीख शाळा ठरवते. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, सीबीएसईचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं, आणि कर्नाटकातल्या राज्य मंडळाच्या शाळा मेअखेर-जूनच्या सुरुवातीला भरतात. म्हणजे 'जूनमध्ये जाऊ निवांत' हा पुणेरी हिशेब तिकडे उशिराचा ठरतो. बहुतेक घरांत मग एकजण आधी जातो आणि बाकीचे परीक्षा झाल्यावर. यात दोन घरभाडी आणि दोन स्वयंपाकघरं चालवावी लागतात, तरी मुलांना वर्षाच्या मधून उपटण्यापेक्षा ते परवडतं. आधी गेलेल्या माणसाने तिकडे घर बघताना शाळेपासूनचं अंतर बघावं, ऑफिसपासूनचं नव्हे. मोठा माणूस ट्रॅफिकमध्ये पॉडकास्ट ऐकेल, सात वर्षांचं पोर बसमध्ये झोपून जाईल.

सामान निघायचा दिवस ठरवताना कालनिर्णय समोर ठेवा. आषाढी वारीत ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या भवानी पेठेत आणि नाना पेठेत मुक्कामाला असतात तेव्हा शहराच्या मध्यातून ट्रक काढायचा विचारही करू नये. गणपतीत पेठांमधले रस्ते संध्याकाळी बंदच असतात. जुलै-ऑगस्टच्या पावसात सामान हलवायचं असेल तर ताडपत्रीचं काम कंत्राटदाराच्या तोंडी आश्वासनावर सोडू नका. मे महिना उकाड्याचा असला तरी या कामाला सगळ्यात बरा.

शाळा आणि मुलांचे कागद

हे काम सगळ्यात आधी हाती घ्या, कारण सगळ्यात जास्त हेलपाटे यातच असतात.

शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी लेखी अर्ज द्या. मिळालेला दाखला घरी आणून फाईलला लावायच्या आधी शाळेच्या ऑफिसच्या दारातच उभं राहून वाचा. मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात-पोटजात. आधारकार्डावर 'अद्वैत' आणि दाखल्यावर 'आद्वैत' असला एका कान्याचा फरकही नवी शाळा काढते. दाखला हा शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा असतो. रजिस्टरमधली चूक दुरुस्त करायला शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागते आणि हे काम दुसऱ्या राज्यात बसून करणं म्हणजे डोकेदुखी. जातीची नोंद तर विशेष जपा. पुढे जात पडताळणीच्या वेळी याच नोंदीवर बोट ठेवलं जातं.

परराज्यात प्रवेश घेताना काही शाळा दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागतात. नव्या शाळेला आधीच फोन करून विचारा, आणि लागणार असेल तर पुणे सोडायच्या आधी घेऊन टाका. दुसरी गोष्ट यूडायसची, म्हणजे शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीची. प्रत्येक मुलाला त्या प्रणालीत एक कायमचा शैक्षणिक क्रमांक असतो, पेन नंबर म्हणतात तो. जुन्या शाळेने मुलाला ऑनलाइन 'ड्रॉप बॉक्स'मध्ये टाकल्याशिवाय नवी शाळा त्याला आपल्या पटावर ओढू शकत नाही. दाखला हातात असूनही प्रवेश अडतो तो इथे. शाळेतल्या क्लार्कना, 'आमच्या मुलाचं यूडायसला सोडलंत ना?' असं सरळ विचारा. त्यांना लगेच कळतं. पेन नंबर लिहून घ्या आणि त्यांचा मोबाईल नंबरही, मे महिन्यात शाळेचा फोन कोणी उचलत नाही.

भाषेचा प्रश्न त्याहून मोठा. महाराष्ट्राने २०२० साली सगळ्या शाळांत मराठी सक्तीची केली, तसेच कायदे इतरांकडेही आहेत: कर्नाटकात कन्नडसाठी २०१५ चा, तेलंगणात तेलुगूसाठी २०१८ चा, तामिळनाडूत तमिळसाठी २००६ चा. पहिली-दुसरीतली मुलं अंगणातली भाषा शिकावी तशी शिकून जातात. सहावी-सातवीत नव्याने आलेल्या मुलासाठी शाळा काय सोय करते, सोप्या पातळीचा वर्ग आहे का, परीक्षेत सवलत आहे का, हे फी भरायच्या आधी विचारा. आणि मराठी? ती तिकडच्या वेळापत्रकातून जाणारच. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. रोज एक धडा मोठ्याने वाचून घ्यायला मास्तर लागत नाही, आजी-आजोबा पुरतात.

मूल नववीत, दहावीत किंवा अकरावीत असेल तर घर हलवायच्या आधी पुढच्या प्रवेशांचा विचार करा. महाराष्ट्रात एमबीबीएसच्या राज्य कोट्यासाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते, जोडीला अधिवास. इंजिनिअरिंगला आई किंवा वडील महाराष्ट्राचे अधिवासी असतील तर बाहेर शिकलेल्या मुलालाही वाट ठेवलेली आहे. तिकडे कर्नाटकाच्या सीईटीला राज्यात किती वर्षं शिक्षण झालं ते बघतात. म्हणजे चुकीच्या वर्षी हललात तर पोर दोन्हीकडच्या कोट्यांच्या मधे लटकतं. डॉक्टर व्हायचं ज्याच्या डोक्यात पक्कं बसलं आहे अशा अकरावीतल्या मुलाला आजोळी ठेवून बाकीचं घर हलवणारी कुटुंबं मी पाहिली आहेत, आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

म्हणूनच निघायच्या आधी सगळ्यांचं 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र' काढून ठेवा. आपले सरकार पोर्टलवरून अर्ज होतो. रहिवासाचे जुने पुरावे, म्हणजे जुनी वीजबिलं, शाळेचे दाखले, भाडेकरार, हे सगळं इथल्या माळ्यावर असताना शोधणं सोपं जातं. जातीचा दाखलाही आत्ताच काढा. तो मूळ राज्यातूनच मिळतो, आणि परराज्यातल्या राज्य सरकारी आरक्षणाचा लाभ त्यावर मिळत नाही. केंद्राच्या नोकऱ्या-प्रवेशांना मात्र तो लागतो.

गाडी

गाडीच्या बाबतीत दोन टोकं दिसतात. काहीजण पहिल्याच आठवड्यात आरटीओत धावतात, काहीजण सहा वर्षं एमएच-१२ वर बंगळुरात फिरतात आणि दर सिग्नलला पोलीस दिसला की घाम पुसतात. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ४७ म्हणतं की दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यामुळे मुक्काम वर्षाच्या आतला असेल तर काहीच करू नका, फक्त गाडी राज्यात कधी आली याचा पुरावा ठेवा. फास्टॅगचं स्टेटमेंट त्यासाठी उत्तम.

मुक्काम लांबचा असेल तर पुण्याच्या आरटीओकडून ना हरकत प्रमाणपत्र घ्यावं लागतं. एमएच-१२ वाल्यांसाठी ते संगम पुलाजवळचं ऑफिस, एमएच-१४ वाल्यांसाठी मोशीचं. अर्ज परिवहनच्या वाहन पोर्टलवरून होतो, नमुना २८. त्यासोबत आरसी, चालू विमा, पीयूसी आणि चेसिस नंबरची पेन्सिलने घेतलेली छाप लागते. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं पत्रही लागतं, आणि बँकेला ते द्यायला घाई नसते, म्हणून सुरुवात तिथून करा. थकलेली ई-चलनं आधी भरून टाका. हेल्मेट न घालता डेक्कनवर काढलेला तो दोन वर्षांपूर्वीचा फोटो नेमका याच वेळी वर येतो.

या प्रमाणपत्रावर गाडी कुठल्या आरटीओत जाणार ते लिहावं लागतं. बंगळुरात इंदिरानगर केए-०३, इलेक्ट्रॉनिक सिटी केए-५१, के. आर. पुरम केए-५३ असे भाग आहेत. तिकडचं घर ठरल्याशिवाय अर्ज करण्यात अर्थ नाही तो यासाठी. पुढे तिकडे गाडीच्या वयानुसार रोड टॅक्स भरायचा आणि नवा नंबर मिळाल्यावर पुण्यातल्या उरलेल्या वर्षांच्या टॅक्सच्या परताव्यासाठी अर्ज करायचा. हा परतावा मिळतो, पण त्यावर घराचं बजेट बसवू नका.

कर्नाटकातला रोड टॅक्स चांगलाच चढा आहे. त्यामुळे माझं स्पष्ट मत: गाडी आठ-दहा वर्षांची असेल तर पुण्यातच विका आणि तिकडे तिथल्या नंबरची सेकंडहँड घ्या. सारख्या बदल्या होणाऱ्यांनी बीएच मालिकेची चौकशी करावी. २०२१ पासून सुरू झालेला हा नंबर सरकारी नोकरांना, आणि चार किंवा जास्त राज्यांत ऑफिसं असलेल्या खाजगी कंपन्यांच्या नोकरांना मिळतो. टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरायचा, आणि राज्य बदललं तरी नंबर तोच. लायसन्सची मात्र चिंता नको. ते देशभर चालतं, पत्ता तिकडे सावकाश बदला.

स्कूटर पुणे स्टेशनच्या पार्सल ऑफिसमधूनही पाठवता येते. आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती द्यायच्या, टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढायचं आणि गाडी गोणपाटात गुंडाळून घ्यायची. गोणपाटवाले स्टेशनाबाहेरच भेटतात.

घराचं काय करायचं

भाड्याच्या घरात असाल तर करार काढून नोटिशीची मुदत बघा, आणि मालकांना तोंडी सांगितलं असलं तरी व्हॉट्सअॅपवर तारखेसह लिहून पाठवा. डिपॉझिटमधून रंगाचे पैसे किती कापणार हे शेवटच्या दिवशी किल्ली देताना विचारलं तर मालकांचाच आकडा चालतो. महिनाभर आधी विचारा.

स्वतःचा फ्लॅट असेल आणि भाड्याने द्यायचा असेल तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं मालकाची जबाबदारी आहे, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार. मुद्रांक शुल्क करारातल्या एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, आणि नोंदणी ऑनलाइन होते, त्यामुळे एजंट बोटांचे ठसे घ्यायला घरी येतो. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायची. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी ना-भोगवटा शुल्क लावते, पण ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. काही सोसायट्या 'आमच्याकडे ठराव झालाय' म्हणून वाटेल ते आकारतात. २००१ चा शासन निर्णय आहे म्हणून सांगा, आवाज खाली येतो. महापालिकेच्या मिळकतकरात स्वतः राहणाऱ्यांना ४० टक्के सवलत असते, भाडेकरू ठेवला की ती जाते. भाडं ठरवताना हा आकडा धरा.

मागे कोणी भाऊ किंवा मेहुणी बघणार असेल तर मर्यादित कामांचं कुलमुखत्यारपत्र हवेलीच्या कुठल्यातरी दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवून ठेवा. फ्लॅट विकायचा अधिकार त्यात नको. भाडं, सोसायटी, महावितरण, महापालिका एवढंच पुरे. बँकेच्या लॉकरचाही निकाल लावून टाका. तो उघडायला खातेदारच लागतो, आणि दागिने ट्रकमधून न्यायची वस्तू नाही.

गॅस, रेशन आणि बाकीचे धागे

सिलिंडर ट्रकमधून न्यायचा नाही, कुठलाही शहाणा मूव्हर तो घेणारही नाही. एजन्सीत सगळी सिलिंडरं, रेग्युलेटर आणि जोडणीचा मूळ कागद जमा करायचा, डिपॉझिट परत घ्यायचं आणि टर्मिनेशन व्हाउचर मागून घ्यायचं. तिकडे हे व्हाउचर दाखवलं की नवी जोडणी मिळते, डिपॉझिट मात्र त्या दिवशीच्या दराने. जोडणीचा कागद हरवला असेल तर प्रतिज्ञापत्र करावं लागतं, म्हणून तो आजच शोधा. एमएनजीएलचा पाइप गॅस असेल तर बंद करायचा अर्ज, शेवटचं रीडिंग आणि डिपॉझिट असा क्रम. शेवटचे चार दिवस इंडक्शनवर काढायचे.

रेशनकार्डावर धान्य मिळत असेल तर 'एक देश एक रेशनकार्ड' योजनेखाली तेच कार्ड परराज्यातल्या दुकानातही चालतं. ज्यांचं कार्ड नुसतं कपाटात असतं त्यांनी दुसरीच गोष्ट सांभाळायची. एकत्र कुटुंबाच्या कार्डावर तुमची नावं असतील तर परिमंडळ कार्यालयातून नावं कमी केल्याचा दाखला घ्या. तो नसेल तर तिकडे नवं कार्ड निघत नाही, आणि तो मिळवायला यावं लागतं पुण्यालाच.

पोस्टात नवा पत्ता लेखी द्या, काही काळ टपाल पुढे पाठवतात. बँक, विमा, म्युच्युअल फंड, हे सगळं तिकडून ऑनलाइन होतं. आत्ता त्यात वेळ घालवू नका.

आई-बाबा

ते येणार की नाही हा प्रश्न सगळ्यात शेवटी आणि बहुधा जेवताना घाईत विचारला जातो. तो आधी, नीट बसून विचारा. बाबांचा रोजचा सारसबागेतला गट, आईचं भजनी मंडळ, पंचवीस वर्षांचे ओळखीचे डॉक्टर, यातलं काहीच खोक्यात भरता येत नाही. दोन महिने तिकडे, दोन महिने इकडे असं सुरुवातीला करून बघणं सगळ्यांनाच सोपं जातं. आई पुण्यातलं घर बंद करायला तयार नसेल तर तिला समजावत बसण्यापेक्षा तिचं ऐकलेलं बरं.

येणार असतील तर डॉक्टरांकडून आजारांचा आणि औषधांचा एक पानी सारांश लिहून घ्या, औषधांच्या कंपनीच्या नावासोबत मूळ घटकाचं नावही. जुने ईसीजी, रिपोर्ट आणि चष्म्याचा नंबर एकाच फाईलमध्ये. महिना-दीड महिन्याच्या गोळ्या इथूनच घ्या. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना महाराष्ट्रापुरती आहे, आयुष्मान भारतचं कार्ड मात्र देशभर चालतं. सत्तरीच्या पुढच्यांना ते उत्पन्नाची अट न लावता मिळतं, तेव्हा निघायच्या आधी काढून घ्या. पेन्शनसाठी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायला पुण्यात यायची गरज नाही. जीवन प्रमाणमधून मोबाईलवर चेहरा दाखवून तो देता येतो. निघायच्या आधी एकदा घरी करून दाखवा, म्हणजे आयत्या वेळी 'डोळे मिटू नका बाबा' हा संवाद टळेल. पुणे आकाशवाणी ऐकायची सवय असेल तर आकाशवाणीचं अॅप त्यांच्या फोनमध्ये टाकून द्या.

माळा रिकामा करणं

आता सामान. वाद इथेच होतात, आणि ते माळ्यावरून होतात. नियम एकच ठेवा: दोन वर्षांत जे खाली उतरलं नाही ते ट्रकमध्ये चढणार नाही. भाडं ट्रकच्या जागेवर लागतं, आठवणींच्या वजनावर नव्हे. अपवाद तांब्या-पितळेची भांडी. ती विकून मिळतात थोडे पैसे आणि पुढच्या दिवाळीला होतो पश्चात्ताप. पाटा-वरवंटा नात्यात कोणाला तरी द्या. फर्निचरपैकी प्लायवुडची कपाटं एकदा खोलली की पुन्हा धड जोडली जात नाहीत, ती इथेच विका. सागवानी पलंग न्या.

रद्दीवाला आणि भंगारवाला रोजचेच. जुनी क्रमिक पुस्तकं अप्पा बळवंत चौकात जातात. किरकोळ लोखंडी सामान, जुनी घड्याळं, कुलपं यांना बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात गिऱ्हाईक मिळतं. कपडे आणि भांडी कामाच्या मावशींना आधी विचारा, आणि त्यांना हवं ते विचारा, आपल्याला नको ते देऊ नका. त्यांना महिनाभर आधी सांगा. त्यांनाही दुसरं घर धरायचं असतं.

स्वयंपाकघर सगळ्यात शेवटी बांधलं जातं आणि सगळ्यात आधी उघडावं लागतं. लोणच्याच्या बरणीचं तंत्र असं: फोड तेलाखाली बुडलेली आहे ना ते बघायचं, नसेल तर तेल गरम करून पूर्ण गार झाल्यावर वर ओतायचं. बरणीच्या तोंडावर प्लॅस्टिकचा दुहेरी कागद, त्यावर झाकण, त्यावर जुन्या सुती साडीचा तुकडा आणि सुतळी. मग बरणी बादलीत उभी ठेवून भोवती टॉवेल ठासायचे. ही बादली गाडीतून, पायाशी. ट्रकवाले द्रव पदार्थ घेत नाहीत, आणि घेतले तरी खंबाटकीच्या घाटात काय होईल ते गाद्यांना कळेल. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी चार-सहा महिन्यांची न्या. रवा, डाळी, नारळ यांचं ओझं करू नका, ते तिकडे इथल्याहून चांगले मिळतात.

देव स्वतःबरोबर. तुळशीचं वृंदावन ट्रकमध्ये टाकण्यापेक्षा मंजिऱ्या कागदाच्या पुडीत घ्या आणि तिकडे नव्या कुंडीत पेरा.

ट्रक

कमीत कमी तीन मूव्हर्सना घरी बोलावून सामान दाखवा. फोनवर दर सांगणारा दारात आल्यावर दर बदलतो. लेखी अंदाजपत्रकात हे सगळं आलं पाहिजे: पॅकिंग, चढ-उतार, जीएसटी, विमा, आणि ट्रक तुमच्या एकट्याचा की वाटून घेतलेला. बंगळुरू पुण्याहून साधारण ८४० किलोमीटर आहे. तुमचा स्वतंत्र ट्रक दोन-तीन दिवसांत पोचतो, वाटून घेतलेल्यात सामान आठवडाभरही गोदामात पडून राहू शकतं. स्वस्त पडतं म्हणून तो घेणार असाल तर तेवढे दिवस जमिनीवर झोपायची तयारी ठेवा.

पेठेत राहणाऱ्यांनी एक गोष्ट आधी उलगडून घ्यावी. गल्लीत मोठा ट्रक येत नाही. छोटा हत्ती दोन-तीन फेऱ्या करून सामान बाहेर नेतो आणि तिथे ते ट्रकमध्ये चढतं. म्हणजे सामान दोनदा हाताळलं जातं, काचा दोनदा धोक्यात येतात. या फेऱ्यांचे पैसे अंदाजपत्रकात धरलेत का, आणि सामान चढवताना घरचं कोणी तिथे उभं राहणार का, हे ठरवा. सोसायटीत राहणाऱ्यांनी सेक्रेटरींकडून गेटपास आणि लिफ्ट वापरायची वेळ लिहून घ्यावी.

फसवणुकीची नेहमीची तऱ्हा अशी: नामांकित कंपनीशी मिळतंजुळतं नाव, सगळ्यात कमी दर, निम्मे पैसे आगाऊ, आणि ट्रक निघाल्यावर रस्त्यातून फोन, 'साहेब, बॉर्डरवर टॅक्स मागतायत, एवढे पाठवा नाहीतर गाडी पुढे जाणार नाही.' जीएसटी आल्यापासून, म्हणजे १ जुलै २०१७ पासून, जकात आणि चेकनाक्यांचे विक्रीकर इतिहासजमा झालेत. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिलही लागत नाही. तेव्हा असला फोन आला तर तो टॅक्स नव्हे. आगाऊ थोडेच द्या, मोठा हप्ता सामान उतरल्यावर. ट्रक हलायच्या आधी बिल्टी (मालाची पावती), ट्रकचा नंबर आणि ड्रायव्हरचा मोबाईल हातात हवा.

प्रत्येक खोक्यावर आकडा आणि खोलीचं नाव लिहा, यादी फोनमध्ये आणि वहीत. 'किरकोळ' असं कुठल्याही खोक्यावर लिहू नका, ते वर्षभर उघडलं जात नाही. टीव्ही, मिक्सर, काचसामान यांचे आधी फोटो काढा. विम्याचा दावा करायची वेळ आली तर यादी आणि फोटो दोन्ही लागतात.

स्वतःबरोबर ठेवायची एक बॅग: सगळे मूळ कागद, दागिने, औषधं, चार्जर, मुलांचे दोन दिवसांचे कपडे, कुकर, एक कढई, चहा-साखर, स्क्रू-ड्रायव्हर आणि नव्या घरासाठी कुलूप. गाडीने जाणार असाल तर लहान मुलं आणि ज्येष्ठ मंडळी असताना एका दमात जाऊ नका, बेळगाव किंवा हुबळीला मुक्काम करा. निघताना विजेच्या मीटरचा फोटो काढा, मेन स्विच आणि पाण्याचा कॉक बंद करा, किल्लीचा एक जोड शेजारी द्या.

तिकडे पोचल्यावर

आता उरली ती फोनवरची कामं, पण त्यांनाही क्रम आहे. आधी पत्त्याचा पुरावा. पुण्यात नोंदणीकृत भाडेकराराची सवय असते, बंगळुरात अकरा महिन्यांचा करार बऱ्याचदा नुसता ई-स्टँप कागदावर होतो. डिपॉझिटही इथल्यापेक्षा बरंच जास्त मागतात, पूर्वी दहा महिन्यांच्या भाड्याइतकं सर्रास मागत. घासाघीस होते, लाजू नका. तेव्हाच मालकांना सांगा की करार नोंदवून हवा, आधारसाठी लागतो. घरातल्या एकाच्या आधारवर नवा पत्ता चढला की बाकीच्यांचा पत्ता 'कुटुंबप्रमुखाच्या' संमतीने ऑनलाइन बदलतो, प्रत्येकासाठी वेगळा पुरावा लागत नाही. नातं दाखवणारा कागद मात्र हवा, म्हणून विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आणि मुलांचे जन्मदाखले त्या बॅगेत असू द्या. आधार झालं की गॅस, मग बँक, मग मतदार यादीसाठी नमुना ८. स्थलांतराला आता हाच फॉर्म आहे, नमुना ६ नव्या मतदारांचा. गाडीच्या विमा कंपनीला पत्ता कळवा, आणि आरटीओचं वर्ष संपायच्या दोन-तीन महिने आधीची तारीख फोनमध्ये लावून ठेवा.